पिवळ्या बाटलीतलं युरेनियम : सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात किडनीच्या बायोप्सीबद्दल लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक वाक्य होतं की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायच्या आधी त्या तुकड्याला युरेनियमच्या क्षाराचं स्टेन, म्हणजे एक प्रकारचा रंग, देतात. त्या एका वाक्यावर सोलापुरातून एवढी पत्रं आली की हा अंक सगळा त्यालाच देतेय. क्षाराचं नाव युरॅनिल ॲसिटेट, दिसायला पिवळी बारीक दाणेदार पावडर, लॅबवाले नुसतं 'युरॅनिल' म्हणतात. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून फक्त भाग लिहिलाय. मी स्वतः वर्षानुवर्षं अशा लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे जे लिहितेय ते हाताखालून गेलेलं आहे.

प्रश्न (जुळे सोलापूर) : ताई, आमच्या ह्यांच्या पायांना सूज यायला लागली, लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून डॉक्टरांनी किडनीची बायोप्सी केली आणि तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीला बाहेरगावी पाठवला. तुमचं वाचून घरात सगळेच घाबरलेत. ह्यांच्या अंगात युरेनियम गेलंय का? आणि साध्या मायक्रोस्कोपने भागलं नसतं का, खर्च पण बराच झाला की हो.

उत्तर : ताई, आधी मन शांत करा, ह्यांच्या अंगात युरेनियमचा एक कणही गेलेला नाही. सुईने जो बारीक लांबुडका तुकडा काढतात तो बाहेर आला की पुढचं सगळं त्या तुकड्यावरच होतं, पेशंटला त्यातलं काही लागत नाही की टोचत नाही.

त्या तुकड्याचं काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की खर्चाचंही कळेल. तुकड्याचे भाग करतात, एक साध्या मायक्रोस्कोपसाठी, एक इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने अँटिबॉडी कुठे साचल्यात ते बघायची तपासणी) आणि अगदी थोडासा, एक-दोन मिलिमीटरचा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी. हा शेवटचा भाग ग्लुटराल्डिहाइडमध्ये टाकतात म्हणजे पेशी आहेत तशा जागच्या जागी थांबतात, मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड, मग अल्कोहोलने पाणी काढायचं, मग रेझिन भरून ओव्हनमध्ये कडक करायचं. झाला एक प्लॅस्टिकचा ठोकळा, त्यात किडनी बंद. आता याचे काप काढायचे अल्ट्रामायक्रोटोमवर, हिऱ्याच्या सुरीने, ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचे. माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजारेक काप बसतील. सुरीच्या मागे पाण्याची छोटी कुंडी असते, काप सुटला की त्या पाण्यावर तरंगतो, आणि त्याची जाडी कशावरून ओळखायची तर रंगावरून, चंदेरी दिसला तर बरोबर, सोनेरी दिसला तर जाड झाला. मला या कामातलं हे सगळ्यात आवडतं, तासन्‌तास बसून तो चंदेरी काप आला की जीव भांड्यात पडतो. तो काप तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, उचलून घ्यायचा.

एवढं करून तसाच मायक्रोस्कोपमध्ये घातला तर फारसं काही दिसत नाही, सगळं फिकट करडं. कारण आपलं शरीर बहुतेक कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन असल्या हलक्या अणूंचं बनलेलं आहे, आणि ज्या रेझिनमध्ये ते बसवलंय तेसुद्धा त्याच अणूंचं, मग इलेक्ट्रॉन दोन्हींतून जवळपास सारखेच आरपार जातात, फरक पडणार कसा. म्हणून तिथे जड अणू चिकटवायला लागतात. युरेनियमचा अणुक्रमांक ९२, कार्बनचा ६. युरॅनिल पेशींच्या पडद्यातल्या आणि डीएनए-आरएनएमधल्या फॉस्फेटला आणि प्रोटीनच्या काही भागांना जाऊन धरतं. तिथे आलेला इलेक्ट्रॉन जोरात वाकतो, बाजूला फेकला जातो, मायक्रोस्कोपमधल्या ॲपर्चरच्या बारीक भोकातून पुढे येतच नाही, आणि फोटोत तेवढी जागा काळी होते. त्याच्यावर लेड सायट्रेटचा, म्हणजे शिशाच्या क्षाराचा दुसरा हात देतात. जड धातूंचे क्षार कापांवर वापरायची पद्धत वॉटसन यांनी १९५८ मध्ये मांडली, लेड सायट्रेटची कृती रेनॉल्ड्स यांची १९६३ ची, आणि आजही किडनीच्या लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी हीच जोडी चालते.

आता खर्चाचं. लघवीतून प्रोटीन जाण्याचं एक कारण मिनिमल चेंज डिसीज. त्यात साध्या मायक्रोस्कोपखाली किडनीची गाळणी जवळजवळ नॉर्मल दिसते! बिघाड असतो पोडोसाइट नावाच्या पेशींत, त्यांचे बोटांसारखे पाय गाळणीला धरून बसलेले असतात ते पसरट होऊन एकमेकांत मिसळतात, आणि ते पाय एवढे बारीक की साध्या उजेडाच्या मायक्रोस्कोपला दिसूच शकत नाहीत, कारण त्याची मर्यादा साधारण २०० नॅनोमीटरची. तसंच गाळणीचा पडदा पातळ पडलाय का, अल्पोर्ट सिंड्रोम या आनुवंशिक आजारात सुटतात तसे त्याचे पदर सुटलेत का, हेही इथेच कळतं. निदान बदललं की औषध बदलतं, किती दिवस स्टिरॉइड द्यायचं ते बदलतं. म्हणून ताई, खर्च वाया गेला असं मनात आणू नका, तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं. रिपोर्ट आला की नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, एवढं नक्की विचारा की पोडोसाइटचे पाय सगळीकडे पसरट झालेत की ठिकठिकाणी, या एका गोष्टीवर पुढचं बरंच अवलंबून असतं.

प्रश्न (बाळे) : माझी मुलगी पुण्यात पीएचडी करतेय. तिच्या लॅबमध्ये ही युरेनियमची पावडर आहे आणि ती स्वतः सोल्युशन बनवते म्हणाली. मला तर रात्रभर झोप नाही. अजून लग्न व्हायचंय तिचं. तिला सांगू का की हे काम सोड म्हणून?

उत्तर : काकू, काम सोडायला सांगू नका. पण तुमची काळजी खोटी आहे असंही मी म्हणणार नाही, फक्त ती चुकीच्या जागी आहे, ती योग्य जागी आणूया.

युरेनियम म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो. या बाटलीतलं युरेनियम बहुतेक करून युरेनियम-२३८ असतं, बऱ्याचदा तर अणुभट्टीला लागणारं युरेनियम-२३५ त्यातून बरंचसं काढून घेतलेलं, त्याला डिप्लीटेड म्हणतात. युरेनियम-२३८ चं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं विघटित व्हायला लागणारा काळ, ४४७ कोटी वर्षं. हा आकडा ऐकून लोक जास्तच घाबरतात, म्हणजे एवढी वर्षं किरणं येत राहणार! पण अर्थ उलटा आहे, जे इतक्या सावकाश विघटित होतं ते दर सेकंदाला थोडीच किरणं सोडतं. पूर्वी घड्याळांच्या काट्यांना लावायचे त्या रेडियमचं अर्धआयुष्य १६०० वर्षं, तेवढ्याच वजनाचं रेडियम कितीतरी लाख पटींनी जास्त तीव्र. शिवाय युरेनियममधून निघतात ते अल्फा कण, ते हवेत काही सेंटिमीटरच जातात, कागदाने अडतात, आपल्या कातडीच्या वरच्या मेलेल्या थराने अडतात. त्यातून तयार होणारी पुढची मूलद्रव्यं बीटा किरणं सोडतात आणि त्यातली काही काचेतून बाहेर येतात, हेही सांगायला हवं, म्हणून बाटली टेबलावर डोळ्यासमोर ठेवायची नाही, कुलपाच्या कपाटात ठेवायची आणि काम झालं की परत तिथेच. पण काही ग्रॅमच्या बाटलीशेजारी थोडा वेळ काम केल्याने बाहेरून मिळणारा डोस खूपच कमी असतो.

मग धोका कुठे आहे? पावडर पोटात किंवा फुप्फुसात जाण्यात. एकदा अल्फा सोडणारा कण आत बसला की मध्ये ना कागद ना कातडी. आणि त्याहून मोठी गोष्ट, युरेनियम हा जड धातू म्हणूनच विषारी आहे, शिसं-पाऱ्यासारखा, आणि त्याचा पहिला वार किडनीवर होतो, रक्त गाळल्यानंतर कामाच्या गोष्टी परत ओढून घेणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात त्यांच्यावर. हा वार किरणांचा नाही, रसायनाचा आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगात किडनी मुद्दाम बिघडवायची असली की युरेनियमचेच क्षार वापरत आलेत, यावरून काय ते समजा.

तेव्हा मुलीला फोन लावा आणि हे विचारा. पावडर फ्यूम हूडमध्ये (हवा ओढून बाहेर टाकणारं लॅबचं कपाट) वजन करते का, की उघड्या टेबलावर पंखा चालू ठेवून? ग्लोव्हज घालते ना, आणि तेच ग्लोव्हज घालून मोबाइलला, दाराच्या मुठीला हात लावत नाही ना? सांडलं तर कोरड्या फडक्याने झटकते की ओल्या टिश्यूने टिपून घेते? ओल्यानेच टिपायचं, धूळ उडता कामा नये. लॅबमध्ये चहा-नाश्ता होतो का? सगळ्यात उत्तम म्हणजे तयार सोल्युशनच विकत घ्यायला गाइडना सांगावं, पावडरला हातच लावायला नको, धोक्याचा मोठा भाग तिथेच संपतो. पुढेमागे दिवस राहिले तर गाइडना आणि रेडिएशन सेफ्टी बघणाऱ्या माणसाला लगेच सांगायचं, लपवायचं नाही, पावडरचं काम तेवढे महिने दुसऱ्याने करावं.

आणि काकू, तिला अजून एक विचारा, ऑस्मियम टेट्रॉक्साइड कसं हाताळतेस म्हणून. त्याच्यावर किरणोत्साराचं चिन्ह नसतं म्हणून मुलं निर्धास्त असतात, पण त्याची वाफ उठते आणि ती थेट डोळ्यांना इजा करते. बऱ्याच लॅबमध्ये जो कॅकोडायलेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं सोल्युशन) वापरतात त्यात तर आर्सेनिक असतं. त्या पिवळ्या बाटलीला सगळे घाबरतात आणि शेजारच्या पांढऱ्या बाटल्यांना कोणी विचारत नाही, हे बघून माझा जीव तुटतो खरंच.

प्रश्न (अक्कलकोट रोड, एमआयडीसी) : आमचं यार्न डाईंगचं काम आहे, टॉवेल-चादरीचं सूत रंगवतो. तुम्ही म्हणता स्टेन म्हणजे रंग, आणि पावडर तर पिवळी. मग मायक्रोस्कोपचे फोटो काळे-पांढरे का येतात? आणि रंग धुऊन जात नाही का?

उत्तर : प्रश्न एकदम धंद्याच्या माणसाचा आहे, आवडला. युरॅनिलचा पिवळेपणा इथे काही कामाचा नाही. तुमचा डाय उजेडातला ठरावीक भाग शोषतो म्हणून डोळ्याला रंग दिसतो, पण इलेक्ट्रॉनच्या झोताला रंगच नसतो, किती इलेक्ट्रॉन पोचले आणि किती नाही एवढंच पडद्यावर उमटतं, म्हणून फोटो करडा. छापलेल्या पुस्तकांत जे निळे-लाल व्हायरस दिसतात तो रंग नंतर कॉम्प्युटरवर भरलेला असतो.

पण बाकी गोष्टी तुमच्यासारख्याच बघा. सुताला रंग धरतो तसं इथेही धरणं हीच खरी बाब, नुसतं ओतलं आणि लागलं असं होत नाही. पीएच लागतो, वेळ लागतो, धुणं लागतं. युरॅनिलचं पाण्यातलं एक-दोन टक्के सोल्युशन आंबट असतं, पीएच चार-साडेचारच्या आसपास, तो वर नेला तर क्षार विरघळलेला राहत नाही, साका खाली बसतो. तुमच्या हौदात पाण्याचा कस बदलला की लॉटच्या लॉट बिघडतो, तसंच आमचं. आणि धुण्याबद्दल, जे घट्ट धरलंय ते काप धुतला तरी राहतं, वरवरचं निघून जातं, तेच तर हवं असतं.

एक प्रकार मात्र तुमच्या धंद्याच्या बरोबर उलटा आहे. व्हायरस, बॅक्टेरियाची शेपटी, सुटं प्रोटीन असल्या बारीक गोष्टी बघायच्या असतील तर कापच काढत नाहीत. ग्रिडवर नमुन्याचा तीन-चार मायक्रोलिटरचा थेंब, मिनिटभर थांबायचं, फिल्टर पेपरची कड लावून टिपायचं, मग युरॅनिलचा थेंब, अर्धा मिनिट, परत टिपायचं आणि वाळू द्यायचं. क्षार वाळतो तो कणाच्या भोवती साचून, कणाच्या खोलगट जागांत शिरून. म्हणजे रंगते ती बाजूची जमीन, आणि वस्तू मात्र कोरी, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी उठून दिसते. याला निगेटिव्ह स्टेनिंग म्हणतात. ब्रेनर आणि हॉर्न यांनी १९५९ मध्ये ही पद्धत सोपी करून मांडली, त्यांनी टंगस्टनचा क्षार वापरला होता, युरॅनिल नंतर आलं आणि जास्त लोकप्रिय झालं कारण त्याचा दाणा बारीक आणि कॉन्ट्रास्ट जास्त. पाच मिनिटांत व्हायरसचा आकार डोळ्यासमोर येतो, महागडं काही लागत नाही (मायक्रोस्कोप सोडून!).

प्रश्न (बार्शी) : मी कॉलेजमधून केमिस्ट्रीचा शिक्षक म्हणून रिटायर झालो. लॅबचं जुनं कपाट साफ करताना 'युरॅनिल ॲसिटेट' लिहिलेली तपकिरी बाटली निघाली, झाकणाच्या आट्यांवर पिवळी पापडी धरलीय. सहकारी म्हणतात बेसिनमध्ये ओतून टाका. काय करावं? आणि आमच्या कॉलेजात हे आलंच कशाला?

उत्तर : सर, बेसिनमध्ये ओतू नका, कचऱ्यात टाकू नका, गड्याकडून मागे पुरून टाकू नका. कृपा करून. ते पाणी कुठल्या ना कुठल्या ओढ्याला, विहिरीला जाऊन मिळतंच.

आधी झाकण उघडायचं नाही, ती पापडी खरवडायची नाही, वासही घ्यायचा नाही. ती पापडी म्हणजे वाळलेला क्षारच, आणि झाकण फिरवलं की तीच भुगा होऊन उडते. ग्लोव्हज घालून बाटली आहे तशी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी बंद करा, ती एका मजबूत डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात काय आहे ते आणि तारीख लिहा, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात कुलूप लावून ठेवा. कपाटाची ती फळी ओल्या टिश्यूने पुसा, टिश्यू पण त्याच डब्यात. मग प्राचार्यांच्या सहीने अणुऊर्जा नियामक परिषदेला, म्हणजे एईआरबीला पत्र, मुंबईत अणुशक्तिनगरला नियामक भवनात त्यांचं ऑफिस आहे. बाटलीवरचं नाव, वजन, कंपनी, आहे ते सगळं लिहा, लेबलचा फोटो जोडा. युरेनियमचे क्षार आपल्याकडे अणुऊर्जेच्या नियमांखाली येतात, पुढे कुठे आणि कसं द्यायचं ते तेच सांगतील. तुम्ही रिटायर झालात तरी हे पत्र जाईपर्यंत पाठपुरावा करा सर, कारण तुमच्यानंतर त्या कपाटातलं काय आहे ते ओळखणारा कोणी असेल याची खात्री नाही.

आता हे आलं कशाला. तुमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नव्हताच, पण सोडियम ओळखायला झिंक युरॅनिल ॲसिटेट वापरायचे, सोडियम असलं की पिवळा साका बसतो. सोडियमचे जवळपास सगळे क्षार पाण्यात विरघळतात, साका देणारं असं दुर्मिळच, म्हणून हे रीएजंट एकेकाळी फार महत्त्वाचं होतं, दवाखान्यांच्या लॅबमध्येसुद्धा रक्तातलं सोडियम असंच मोजायचे. फ्लेम फोटोमीटर (ज्योतीच्या उजेडावरून सोडियम मोजणारं यंत्र) आले आणि बाटल्या मागे राहिल्या. महाराष्ट्रात अजून किती जुन्या कपाटांत अशा बाटल्या असतील! हे वाचणाऱ्या सगळ्या केमिस्ट्रीच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, आपापलं कपाट एकदा बघा.

प्रश्न (विजापूर रोड) : मी एमएस्सी करतोय, प्रोजेक्टला बाहेर टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, केलं. सेक्शनवर, म्हणजे कापावर, सगळीकडे काळे ठिपके आणि सुयांसारखं काहीतरी येतंय. गाइड म्हणतात हात साफ नाही तुझा. नेमकं काय चुकतंय?

उत्तर : सुया दिसत असतील तर बहुतेक युरॅनिल, गोल काळे ठिपके असतील तर बहुतेक शिसं. गोल ठिपके म्हणजे लेड कार्बोनेट, तुझ्या श्वासातल्या आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने होतं, म्हणून लेड सायट्रेटचं काम झाकलेल्या पेट्री डिशमध्ये, शेजारी सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवून, आणि त्या थेंबांवर तोंड नेऊन बोलायचं नाही. धुवायचं पाणी उकळून गार केलेलं घे.

सुयांसाठी तीन ठिकाणी बघ. सोल्युशन जुनं आहे का आणि उजेडात पडलं होतं का, युरॅनिल उजेडाने खराब होतं, बाटलीला फॉइल गुंडाळून अंधारात ठेवायची, स्टेनिंग करतानाही वर झाकण. वापरायच्या आधी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलंस का, आणि बाटलीच्या तळातलं कधी ओढायचं नाही, वरचं घ्यायचं. तिसरं आणि माझ्या मते तुझं हेच चुकतंय, फॉस्फेट बफर. तुकड्याला रेझिनच्या आधीच युरॅनिल दिलं असशील आणि फॉस्फेट नीट धुतला गेला नसेल तर युरॅनिल आणि फॉस्फेट एकमेकांना भेटले की साका ठरलेला. ज्या गुणामुळे ते पेशीतल्या फॉस्फेटला धरतं त्याच गुणामुळे बफरमधल्याही धरतं. साध्या पाण्याने चार-पाच वेळा धू. निगेटिव्ह स्टेनला तर फॉस्फेट बफरमधला नमुना न आणलेलाच बरा, ट्रिस किंवा हेपेस बफर वापर.

आणि एका स्टेनमधून दुसऱ्यात जाताना ग्रिड नीट धुऊन, चिमट्याच्या दोन टोकांच्या मध्ये अडकलेला थेंब टिपून मग पुढे जा. तो थेंब कोणाला दिसत नाही आणि तोच सगळं घाण करतो. हात साफ आहे तुझा, चिमटा बघ.

प्रश्न (साखर पेठ) : एवढी कटकट आहे तर दुसरं काही वापरत का नाहीत?

उत्तर : वापरतात की. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने भारतातल्या पहिल्या कोरोना पेशंटच्या घशाच्या नमुन्यातून त्या विषाणूचा जो फोटो काढला होता, पेपरात आला होता बघा, करड्या रंगाचा गोल आणि भोवती काटे, तो युरेनियमने नव्हे, टंगस्टनच्या क्षाराने स्टेन केलेला होता. तिथे फॉस्फोटंगस्टेटने छान काम होतं. मॉलिब्डेनमचा क्षार आहे, गॅडोलिनियम, समेरियम, नियोडिमियम यांचे क्षार आलेत, ऊलाँग चहाचा अर्क वापरूनही काप स्टेन करून बघितलेत आणि बऱ्यापैकी जमलंय. युरोपात तर युरॅनिल विकत घ्यायचे आणि ठेवायचे नियम इतके कडक झालेत की लॅबवाले स्वतःच पर्याय शोधतायत.

क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत, ज्याला २०१७ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, नमुना झटकन गोठवतात आणि स्टेन लागतच नाही. तरी तिथले लोकसुद्धा आधी युरॅनिलने एक साधा निगेटिव्ह स्टेन करून घेतात, कण सारखे आहेत का, गोळा झालेत का हे बघायला, कारण क्रायोचा वेळ फार महाग.

माझं मत विचाराल तर शिकाऊ मुलांच्या प्रॅक्टिकलला युरॅनिल वापरायची गरज नाही, टंगस्टनने शिकवा. किडनीच्या निदानाला मात्र इतक्या वर्षांचा अनुभव, इतक्या फोटोंशी केलेली तुलना या स्टेनवर उभी आहे, ती घाईने बदलू नये. पेशंटच्या रिपोर्टशी खेळ नको.

प्रश्न (मोहोळ) : आमच्या बोअरच्या पाण्यात युरेनियम असेल का? उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर : आपल्या जिल्ह्याखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा कमी असतं, त्यामुळे ग्रॅनाइटच्या भागातल्या बोअरइतकी भीती इथे नाही. पण बोअर बोअरला फरक असतो, तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, एईआरबीची ६०. उकळून युरेनियम जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं, आरओने मात्र बरंच निघतं. नमुना तपासायला द्याल तेव्हा त्याच बाटलीतून नायट्रेट आणि फ्लोराइडही तपासून घ्या, शेताजवळच्या बोअरला नायट्रेटचा त्रास जास्त असतो, आणि घरात तान्हं बाळ असेल तर तो रिपोर्ट आधी बघा.